बेसबॉलमधली फिल्डिंग आकड्यांत कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटिंगचे आकडे लोकांना पटकन कळतात, पण एकाच खेळाडूच्या नावापुढे एका साइटवर डीआरएस +१४ आणि दुसऱ्या साइटवर ओएए -३ असं दिसलं की विचारणा सुरू होते. डीआरएस म्हणजे डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड (क्रिकेटमधला रिव्ह्यू नव्हे) आणि ओएए म्हणजे आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज, दोन्ही फिल्डिंगचीच मोजमापं. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत, सोप्यापासून किचकटापर्यंत. विचारणारे बहुतेक सगळे क्रिकेट बघत मोठे झालेले, काही अमेरिकेत राहणारे, काही इथे पहाटे साडेचारला उठून मॅच लावणारे. खेळाचे साधे नियम माहीत आहेत असं धरलंय. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. फिल्डिंग मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं? कॅच मोजले, चुका मोजल्या, झालं की!

तिथेच तर घोडं अडतं. कॅच दिसतो, सुटलेला कॅच दिसतो, पण जो बॉल फिल्डरपासून दोन फुटांवरून निघून गेला तो स्कोअरबुकात बॅटरची हिट म्हणून लागतो आणि फिल्डरच्या खात्यात काहीच लागत नाही. चपळ माणूस तिथे असता तर आउट होता, हे कागदावर कुठेच राहत नाही. बॅटरचं सोपं असतं, तो प्लेटवर आला की संधी मोजली गेली, मग काहीही होवो. फिल्डरच्या बाबतीत संधी कशाला म्हणायचं हेच आधी ठरवावं लागतं. म्हणजे शाळेतल्या भाषेत बोलायचं तर अंश सगळ्यांना माहीत आहे, भांडण छेदाचं आहे. खाली जेवढ्या पद्धती येतील त्या प्रत्येकीला एकच विचारा, तुझा छेद काय, म्हणजे अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

२. पुटआउट, असिस्ट आणि एरर म्हणजे काय?

ज्याच्या हातून प्रत्यक्ष आउट पूर्ण होतो त्याला पुटआउट, आणि त्या आउटच्या आधी ज्यांनी बॉल फेकला किंवा वळवला त्यांना असिस्ट. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) ग्राउंड बॉल उचलून फर्स्टला फेकला तर शॉर्टस्टॉपला असिस्ट, फर्स्ट बेसमनला पुटआउट. स्ट्राइकआउटचा पुटआउट कॅचरला मिळतो, म्हणून कॅचरचे पुटआउट बघून दचकू नका, त्यात त्याची फिल्डिंग फारशी नसते. एरर म्हणजे साधारण प्रयत्नात जो आउट व्हायला हवा होता किंवा जो रनर अडायला हवा होता ते झालं नाही ती चूक.

३. आमच्या आवडत्या शॉर्टस्टॉपचं फिल्डिंग पर्सेंटेज ०.९८५ आहे. म्हणजे तो भारी आहे ना?

असेलही, पण या आकड्यावरून ते कळत नाही. फिल्डिंग पर्सेंटेज म्हणजे पुटआउट अधिक असिस्ट, भागिले पुटआउट अधिक असिस्ट अधिक एरर. छेद बघा, फक्त ज्या बॉलपर्यंत तो पोहोचला तेच त्यात आहेत. जो माणूस जागचा फार हलत नाही आणि अंगावर आलेले बॉल नीट उचलतो त्याचं पर्सेंटेज छान दिसतं, आणि जो झेप घेऊन अवघड बॉलला हात लावतो आणि मग घाईत थ्रो चुकवतो त्याचं बिघडतं.

ओमार व्हिझकेलचं करिअर पर्सेंटेज ०.९८५, ओझी स्मिथचं ०.९७८. नुसतं हे बघितलं तर व्हिझकेल पुढे. पण ओझीने १९८० साली सॅन डिएगोकडून एका सीझनमध्ये ६२१ असिस्ट केले, शॉर्टस्टॉपसाठी तो आजही रेकॉर्ड आहे, आणि करिअरभरात वाचवलेल्या रनचा जो अंदाज निघतो (जुन्या काळाचा अंदाज कसा काढतात ते प्रश्न १७ मध्ये) त्यात ओझी व्हिझकेलच्या जवळपास दुप्पट आहे. व्हिझकेल वाईट होता असं अजिबात नाही, ११ गोल्ड ग्लव्ह (दरवर्षी प्रत्येक पोझिशनच्या उत्तम फिल्डरला मिळणारा पुरस्कार) आहेत त्याच्याकडे, पण पर्सेंटेजने क्रम उलटा लावला हे खरं. आणि आजकाल बहुतेकांचं पर्सेंटेज ०.९७ ते ०.९९ मध्ये अडकलेलं असतं, त्यातून फरक काय काढणार.

४. एरर द्यायचा की हिट, हे ठरवतं कोण?

ऑफिशियल स्कोअरर. प्रत्येक मॅचला एक माणूस प्रेस बॉक्समध्ये बसून ठरवतो. अंपायरचा याच्याशी संबंध नाही. नियमात "साधारण प्रयत्न" असा शब्द आहे आणि तो ताणाल तेवढा ताणता येतो. काही गोष्टी तर ऐकून हसू येतं, म्हणजे दोन आउटफिल्डर एकमेकांकडे बघत राहिले आणि बॉल मध्ये टपकन पडला, कोणाचा हात लागला नाही, तर बहुतेक वेळा बॅटरला हिट मिळते, कारण डोक्यातल्या गोंधळाला एरर धरत नाहीत. डबल प्लेमधला दुसरा आउट हुकला तरी तो गृहीत धरता येत नाही, म्हणून एरर नाही, फक्त थ्रो वाया जाऊन रनर आणखी पुढे गेला तर वेगळं. निर्णय पटला नाही तर खेळाडू किंवा टीम लीगकडे दाद मागू शकते आणि कधी कधी तो बदलतोही.

५. मग रेंज फॅक्टर चांगला का? त्यात तर पोहोचलेले बॉल मोजतात.

फिल्डिंग पर्सेंटेजपेक्षा पुढचं पाऊल, एवढं नक्की. सर्वात जास्त चांगले प्ले करणारा तो चांगला फिल्डर, सर्वात कमी चुका करणारा नव्हे, हे हेन्री चॅडविक एकोणिसाव्या शतकातच सांगत होता, पण त्याचा रोजच्या वापरातला आकडा १९७० च्या दशकात बिल जेम्सने केला. पुटआउट अधिक असिस्ट, गुणिले ९, भागिले खेळलेल्या इनिंग. म्हणजे नऊ इनिंगमागे हा माणूस किती आउटमध्ये सामील असतो.

इथे छेद आहे वेळ. आणि वेळ सगळ्यांना सारखे बॉल देत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या, एकनाथ सोलकरने २७ टेस्टमध्ये ५३ कॅच घेतले, विकेटकीपर सोडून इतरांत मॅचमागे असं प्रमाण विरळाच. सोलकर अफाटच होता, वाद नाही, पण तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा आणि समोरून बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, व्यंकटराघवन टाकतायत, म्हणजे बॅट-पॅड कॅच यायचेच तिकडे. तोच माणूस चार फास्ट बॉलरांच्या टीममध्ये तिथेच उभा केला असता तर आकडा वेगळा दिसला असता. बेसबॉलमध्ये पिचर ग्राउंड बॉल काढणारे असतील तर शॉर्टस्टॉपचा रेंज फॅक्टर फुगतो, फ्लाय बॉलवाले असतील तर आउटफिल्डरचा, आणि स्ट्राइकआउट खूप होत असतील तर सगळ्यांचाच आटतो. डावखुरे पिचर जास्त असले की समोर उजवे बॅटर जास्त येतात, मग डाव्या बाजूला बॉल जास्त. म्हणून दोन टीममधल्या खेळाडूंची तुलना यावरून करू नये.

६. झोन रेटिंग, यूझेडआर, डीआरएस ही सगळी एकच गोष्ट आहे का?

एका घराण्यातली आहेत. मूळ कल्पना अशी की माणसांनी व्हिडिओ बघून प्रत्येक बॉलची नोंद करायची, कुठे पडला, ग्राउंड होता की फ्लाय की लाइन ड्राइव्ह, किती जोरात होता. १९८० च्या दशकात जॉन ड्युअन आणि स्टॅट्स कंपनीने मैदानाचे भाग पाडून झोन रेटिंग आणलं, म्हणजे तुझ्या भागात आलेल्या बॉलपैकी किती आउट केलेस. पहिल्यांदाच छेदात न उचललेले बॉल आले, ही मोठी गोष्ट होती.

पण एका झोनमधले सगळे बॉल सारखे नसतात, म्हणून मिचेल लिच्टमनने यूझेडआर (अल्टिमेट झोन रेटिंग) बनवला, त्यात तशा प्रकारचा, तशा वेगाचा बॉल लीगमध्ये साधारण किती वेळा आउट होतो ते बघून श्रेय द्यायचं, शिवाय मैदान, बॅटर डावा की उजवा, बेसवर कोण आहे याचंही अ‍ॅडजस्टमेंट. डीआरएस ड्युअनच्याच पुढच्या कंपनीचं, आता तिचं नाव स्पोर्ट्स इन्फो सोल्युशन्स, आणि त्याचे आकडे २००३ पासूनचे मिळतात. दोन्हींचा हिशोब सारखाच चालतो. समजा एखाद्या जातीचा बॉल १०० पैकी ३० वेळा पकडला जातो. तुम्ही पकडलात तर +०.७, सोडलात तर -०.३. सोपा बॉल सोडला तर मोठा दंड, अशक्य बॉल सुटला तर जवळपास काही नाही. सीझनभर ही बेरीज-वजाबाकी चालते आणि शेवटी तिचे रन करतात (प्रश्न ७). फरक असतो तो तपशिलात, डीआरएसमध्ये पिचर-कॅचरसाठीही बरंच काही आहे, यूझेडआरमध्ये नाही.

७. +१२ रन म्हणजे काय? फिल्डर रन काढतो कुठे?

काढत नाही, वाचवतो. शून्य म्हणजे त्या पोझिशनवरचा सरासरी खेळाडू, +१२ म्हणजे त्या सरासरी माणसापेक्षा याने १२ रन कमी होऊ दिले. एक सिंगल अडवून आउट केला तर दोन फायदे होतात, समोरच्याची हिट गेली आणि वर त्यांचा एक आउटही खर्च झाला, दोन्ही मिळून साधारण पाऊण रन. आउटफिल्डमध्ये अडवलेला बॉल बऱ्याचदा डबल-ट्रिपल होणारा असतो म्हणून तिथे एक आउट साधारण ०.९ रनचा धरतात. आणि ढोबळ हिशोबात १० रन म्हणजे एक मॅच जिंकल्यासारखं. अंदाज यावा म्हणून सांगतो, सीझनला +१५ म्हणजे गोल्ड ग्लव्हच्या तोडीचा. अ‍ॅन्ड्रेल्टन सिमन्सने २०१३ मध्ये शॉर्टस्टॉपला +४१ केलं होतं, ते बघून लोकांनी डोळे चोळले होते.

८. स्टॅटकास्ट आल्यापासून काय बदललं? ओएए कसं काढतात?

स्टॅटकास्ट म्हणजे मेजर लीगची ट्रॅकिंगची यंत्रणा, म्हणजे माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्र आलं. २०१५ पासून मेजर लीगच्या तिसही मैदानांवर बॉल आणि खेळाडू दोन्ही ट्रॅक होतात, आधी रडार अधिक कॅमेरे होते, २०२० पासून हॉक-आय, तेच ते एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूवाले, मैदानाभोवती १२ कॅमेरे. यामुळे पहिल्यांदा कळलं की बॉल हवेत असताना फिल्डर नक्की कुठे उभा होता. आधीच्या पद्धतींना बॉल कुठे पडला ते माहीत होतं, माणूस कुठून धावला ते अंदाजानेच.

आउटफिल्डमध्ये बघतात किती अंतर कापायचं होतं, किती सेकंद मिळाले, पुढे धावायचं होतं की मागे, आणि भिंत आड येत होती का. त्यावरून कॅचची शक्यता टक्क्यांत निघते. २५ टक्क्यांपर्यंतचा कॅच पाच स्टारचा, ९१ ते ९५ टक्क्यांचा एकच स्टारचा. धावण्याचा वेगही कळतो, लीगची सरासरी सेकंदाला २७ फूट, ३० म्हणजे हरीण. पण नुसत्या वेगाने होत नाही, पहिल्या तीन सेकंदांत योग्य दिशेने किती फूट सरकला याला जंप म्हणतात आणि माझ्या मते स्टॅटकास्टने दिलेली सगळ्यात मजेची गोष्ट हीच, कारण वेग असूनही चुकीच्या पावलाने सुरुवात करणारे यात उघडे पडतात.

इनफिल्डसाठी ओएए जानेवारी २०२० मध्ये आलं. तिथे बॉल अडवायला किती लांब जायचं, किती वेळ आहे, तिथून बेस किती दूर आणि बॅटर किती वेगाने पळतो, एवढं धरतात. शेवटचं महत्त्वाचं, कारण गलेलठ्ठ बॅटरला आउट करणं आणि पळपुट्याला आउट करणं सारखं नाही. अपेक्षेपेक्षा जास्त केलेले आउट म्हणजे ओएए, त्यामुळे हा आकडा आउटमध्ये असतो, रनमध्ये नाही. डीआरएसशी थेट लावून बघायचा असेल तर आधी प्रश्न ७ मधल्या हिशोबाने रन करा.

९. एकाच खेळाडूला डीआरएस चांगला म्हणतं आणि ओएए वाईट. खरं कोणाचं?

दोन्ही खरी असू शकतात कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. ओएए विचारतं, जिथे उभा होतास तिथून काय केलंस. डीआरएस आउटफिल्डरच्या बाबतीत, योग्य जागी उभं राहण्याचं श्रेयही त्याच्याच खात्यात टाकतं. आता जागा कोण ठरवतं, खेळाडू का डगआउटमधला कोच? आजकाल बहुतेक आउटफिल्डर टोपीत नाहीतर खिशात कार्ड घेऊन फिरतात, त्यावर कोणत्या बॅटरला कुठे उभं राहायचं ते लिहिलेलं असतं, मग मला विचाराल तर ते श्रेय टीमचं. पण जुन्या काळात बॅटरचे पाय बघून दोन पावलं सरकणारा फिल्डर हे कौशल्य म्हणूनच करायचा.

दुसरं म्हणजे ओएएमध्ये फक्त आउट आहेत, थ्रोचा धाक नाही (प्रश्न १३). म्हणून फरक दिसला की आधी आकडा फोडून बघा. इनफिल्डरसाठी डीआरएसने २०२० पासून जागा, हवेतले बॉल, रेंज आणि थ्रो असे चार भाग वेगळे केलेत, त्यात गाडी कुठे अडली ते लगेच दिसतं.

१०. गेल्या वर्षी +१२ होता, यंदा -४. एका वर्षात फिल्डिंग विसरला का?

बहुधा नाही. सीझन १६२ मॅचचा असला तरी फिल्डरकडे येणारे बहुतेक बॉल एकतर कोणीही उचलेल असे असतात नाहीतर कोणीच उचलणार नाही असे. ज्यांच्यावर फरक पडतो ते मधले बॉल थोडेच, आणि त्यातले पाच-सहा इकडचे तिकडे झाले की आकडा चार-पाच रनांनी हलतो. यूझेडआरबद्दल जुना ठोकताळा असा की बॅटिंगच्या एका वर्षाएवढा भरवसा हवा असेल तर फिल्डिंगची तीन वर्षं घ्या. ओएए जरा लवकर स्थिरावतं कारण त्यात नोंदणीचा गोंधळ कमी, तरी दोन महिन्यांच्या आकड्यावर कोणाला शिव्या घालू नका. दुखापत, वजन, वय हेही असतंच, आणि फिल्डिंग बॅटिंगच्या आधी उतरणीला लागते, तेव्हा तिशीनंतर सलग दोन वर्षं आकडा घसरत असेल तर मात्र खरं माना.

११. जीटरला पाच गोल्ड ग्लव्ह मिळाले आणि तुम्ही आकडेवाले त्याला वाईट म्हणता. काहीतरीच!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बऱ्याचदा रागाने येतो. डेरेक जीटरला २००४, ०५, ०६, ०९ आणि २०१० ला गोल्ड ग्लव्ह मिळाले, आणि त्याच काळात जवळपास प्रत्येक आधुनिक पद्धतीत तो शॉर्टस्टॉपमध्ये तळाच्या आसपास. जीटरकडे जे होतं ते टीव्हीवर झकास दिसायचं, हवेत उडी मारून फर्स्टला थ्रो, स्टँडमध्ये घुसून कॅच. हातात आलेला बॉल तो क्वचित सोडायचा, म्हणजे फिल्डिंग पर्सेंटेजही छान. पण त्याच्या डावीकडे, सेकंड बेसच्या बाजूने जाणारे ग्राउंड बॉल निघून जायचे. बिल जेम्सने जीटरचे आणि ह्यूस्टनच्या अ‍ॅडम एव्हरेटचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून तपासले, एव्हरेट म्हणजे बॅटिंगमध्ये यथातथा माणूस, आणि फिल्डिंगमध्ये आकडे जे म्हणत होते तेच डोळ्यांनाही दिसलं.

वर गंमत अशी की २००४ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ यांकीजमध्ये आला, आधीची दोन्ही वर्षं शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडे, आणि थर्ड बेसला सरकला तो. जीटर महान खेळाडू होता की नाही हा वेगळा विषय, होताच, बॅटच्या जोरावर.

१२. शिफ्टचं, म्हणजे बॅटर बघून इनफिल्डर एकाच बाजूला गोळा करण्याचं, काय करायचं? आणि बंदीनंतर?

थर्ड बेसमन जर उजव्या आउटफिल्डच्या तोंडाशी उभा असेल तर त्याचा झोन कोणता, या प्रश्नाने जुन्या पद्धतींचा खुळखुळा केला होता. यूझेडआर अशा बॉलना सरळ बाजूला काढायचं, डीआरएसने शिफ्टचा फायदा टीमच्या खात्यात टाकला. माणूस कुठे उभा होता हे कळायला लागल्यावर ही अडचण सुटली. २०२३ पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत, असा नियम आहे, त्यामुळे सेकंड बेसमनची रेंज परत महत्त्वाची झाली. २०२२ पर्यंत मोठ्या शिफ्टमागे लपलेले काही मंद सेकंड बेसमन उघड्यावर आले.

१३. आउटफिल्डरचा थ्रो मोजतात का? ज्याचे असिस्ट जास्त त्याचा हात भारी ना?

असिस्टवर जाऊ नका, फसाल. इचिरोने ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये राइट फिल्डमधून थर्डला टेरेन्स लाँगला आउट केलं तो थ्रो बघा एकदा, बॉल जमिनीच्या समांतर आला. असा थ्रो एकदा बघितल्यावर पुढचा रनर थर्डकडे पळेल का? थांबतो. म्हणजे हात जितका भारी आणि जितका नावाजलेला, तितके असिस्ट कमी व्हायची शक्यता, आणि कच्च्या हाताच्या माणसावर सगळे धावतात म्हणून त्यालाही दहा असिस्ट मिळून जातात. बरोबर मोजायचं तर किती रनर पुढे जाऊ शकले असते, किती गेले, किती थांबले आणि किती आउट झाले हे सगळं धरावं लागतं. डीआरएस आणि यूझेडआरमध्ये आर्मचा भाग असाच काढतात, आणि स्टॅटकास्टच्या फिल्डिंग रन व्हॅल्यूमध्येही तो वेगळा दिसतो.

१४. फर्स्ट बेसमनला इतके पुटआउट, तरी त्याला किंमत नाही?

दुसऱ्यांचे थ्रो पकडून मिळालेले पुटआउट आहेत ते. त्याची खरी किंमत रेंजमध्ये आणि जमिनीवर आपटून आलेले वाईट थ्रो खरवडून काढण्यात, आणि हे दुसरं सार्वजनिक आकड्यांत फार नीट येत नाही. शॉर्टस्टॉपचे एरर एखाद्या वर्षी अचानक कमी झाले तर आधी फर्स्टला कोण आलंय ते बघा.

१५. कॅचरचं फ्रेमिंग म्हणजे अंपायरला फसवणं, ते फिल्डिंगमध्ये कसं काय?

फसवणं म्हणा नाहीतर कला म्हणा, रन त्यातून वाचतात हे नक्की. काठावरचा पिच असा शांतपणे घ्यायचा की अंपायर स्ट्राइक देईल. पिच ट्रॅकिंग आल्यावर हे मोजता आलं, २०११ मध्ये माइक फास्टने ते मांडलं तेव्हा बॅटिंगमध्ये सुमार असलेला होजे मोलिना एकदम सोन्याचा निघाला, आणि फास्टला लवकरच ह्यूस्टनने नोकरीला घेतलं. एका जास्तीच्या स्ट्राइकची किंमत साधारण ०.१२५ रन, आठ स्ट्राइक म्हणजे एक रन, आणि कॅचर सीझनला हजारो पिच घेतो. आधी चांगल्या-वाईटातला फरक फार मोठा असायचा, आता सगळेच शिकले, एक गुडघा टेकून बसायला लागले, म्हणून फरक आटला. आणि २०२६ पासून अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला चॅलेंज करायची पद्धत आलीय, प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, तेव्हा काठावरचे चोरलेले स्ट्राइक काही प्रमाणात परत जाणार. आता चॅलेंज कधी घ्यायचं हेच कॅचरचं नवं कौशल्य.

बेस चोरणं थांबवण्यासाठी पॉप टाइम बघतात, बॉल ग्लव्हमध्ये पडल्यापासून सेकंड बेसला पोहोचेपर्यंत, सरासरी २.० सेकंद, १.९ म्हणजे उत्तम. पण चोरी पिचरच्या संथपणामुळेही होते. नियम बदलला की तर वाढतेच. २०२३ ला बेस मोठे झाले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या रनरला पकडायला केलेल्या थ्रोवर) मर्यादा आली आणि लीगमधल्या चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. सगळ्या कॅचरांचे हात एका हिवाळ्यात कमजोर झाले नव्हते. म्हणून २०२२ आणि २०२३ चे चोर पकडण्याचे टक्के शेजारी ठेवून तुलना करू नका.

१६. शॉर्टस्टॉप -२ आणि फर्स्ट बेसमन +५. म्हणजे फर्स्ट बेसमन जास्त चांगला फिल्डर?

छे. प्रत्येकाचं शून्य त्याच्या त्याच्या पोझिशनचं आहे. शॉर्टस्टॉपची सरासरी म्हणजे लीगमधले सगळ्यात चपळ लोक, फर्स्टची सरासरी म्हणजे बऱ्याचदा ज्यांना बाकी कुठे उभं करता येत नाही ते. म्हणून वॉर (खेळाडूची एकूण किंमत विजयांत सांगणारा आकडा) काढताना पोझिशनचं अ‍ॅडजस्टमेंट घालतात. फॅनग्राफ्सवर पूर्ण सीझनला कॅचर +१२.५, शॉर्टस्टॉप +७.५, सेकंड, थर्ड आणि सेंटर फिल्ड +२.५, दोन्ही कोपऱ्यांचे आउटफिल्ड -७.५, फर्स्ट -१२.५. तुमचा शॉर्टस्टॉप झाला +५.५ आणि फर्स्ट बेसमन -७.५. डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) फिल्डिंगच करत नाही, तरी त्याला -१७.५ लागतात, यावर भांडणारे खूप आहेत.

पोझिशन बदलणाऱ्यांमुळे हे अ‍ॅडजस्टमेंट तपासून बघता येतं. मूकी बेट्स राइट फिल्डला सहा गोल्ड ग्लव्हवाला, २०२५ मध्ये तिशी ओलांडून पूर्ण वेळ शॉर्टस्टॉप खेळला आणि गोल्ड ग्लव्हच्या शेवटच्या तिघांत पोहोचला. असं फार थोड्यांना जमतं, म्हणून एकट्या बेट्सवरून नियम काढू नये.

१७. स्टॅटकास्ट नव्हतं तेव्हाच्या खेळाडूंचं काय? ब्रूक्स रॉबिन्सनचे आकडे कुठून आणता?

जुन्या मॅचची बॉल-बाय-बॉल म्हणता येईल अशी नोंद रेट्रोशीट नावाच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी गोळा केलीय, १९८९ पासून हे काम चालू आहे. त्यावरून टोटल झोन नावाचा अंदाज काढतात, हिट कोणत्या बाजूला गेली, आउट कोणी केला, पिचर-बॅटर डावे की उजवे. बेसबॉल रेफरन्सवर २००३ च्या आधीचं टोटल झोन असतं, नंतरचं डीआरएस. त्यात ब्रूक्स रॉबिन्सन थर्ड बेसवर +२९० च्या वर आहे, सगळ्या काळातला पहिला, १६ गोल्ड ग्लव्ह उगाच नाहीत. पण +२९० वाचताना शेवटचा आकडा सोडा, अंदाज आहे तो. क्रम साधारण बरोबर, दशांश फालतू.

१८. मैदानाचा फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात जास्त बॉस्टनला. फेनवे पार्कच्या डावीकडे ३७ फूट उंच भिंत, लाइनवर प्लेटपासून ३१० फुटांवर. दुसरीकडे जो बॉल आरामात कॅच झाला असता तो इथे भिंतीच्या वरच्या भागाला लागतो, आणि साध्या झोन पद्धतीत लेफ्ट फिल्डरच्या नावावर सुटलेला बॉल म्हणून लागायचा. मॅनी रामिरेझला या भिंतीने थोडं जास्तच वाईट दाखवलं, तसा तो मुळातच काही फार चांगला नव्हता. डेन्व्हरला उलटी कथा, समुद्रसपाटीपासून एक मैल वर, बॉल लांब जातो म्हणून आउटफिल्ड प्रचंड ठेवलंय, धावून धावून माणूस थकतो.

१९. एकेका खेळाडूचं सोडा, टीमची फिल्डिंग कशी बघू? आणि श्रेय पिचरचं की फिल्डरांचं?

टीमसाठी सगळ्यात साधा आकडा डिफेन्सिव्ह एफिशिअन्सी. मैदानात आलेल्या बॉलपैकी, होमरन सोडून, किती आउट झाले. साधारण ०.७० सरासरी. इथे छेदाचं भांडणच नाही कारण कोणाचा बॉल कोणाचा हे ठरवायचं नाही, म्हणून मला हा आकडा आवडतो. २००१ मध्ये वोरोस मॅक्क्रॅकनने दाखवलं की मैदानात आलेला बॉल हिट होणार की आउट यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो. अगदी शून्य नाही, पण कमी. म्हणजे उरलेलं श्रेय फिल्डरांचं आणि नशिबाचं.

टँपा बे बघा. २००७ मध्ये ६६ मॅच जिंकले, ९४४ रन दिले, या आकड्यात लीगच्या तळाला. हिवाळ्यात त्यांनी मिनेसोटाकडून जेसन बार्टलेट शॉर्टस्टॉप आणला, इवामुराला थर्डवरून सेकंडला हलवलं, थर्डला नवा इव्हान लाँगोरिया आला. २००८ मध्ये ९७ विजय, दिलेले रन ६७१, एफिशिअन्सीमध्ये तळातून थेट वर, आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. सगळे २७३ रन फिल्डिंगचे नाहीत, त्याच सौद्यात मॅट गार्झाही आला होता आणि बुलपेनही सुधारला, पण त्याच पिचरांपैकी बऱ्याच जणांचे आकडे एका वर्षात उजळले ते मागे उभ्या असलेल्या माणसांमुळे.

२०. गोल्ड ग्लव्ह देताना हे आकडे बघतात का?

आता थोडे बघतात. पुरस्कार १९५७ पासूनचा, आणि १९६५ पासून मॅनेजर-कोच लोक ठरवायचे, आणि १९९९ मध्ये राफाएल पालमेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला तेव्हा तो फर्स्टला फक्त २८ मॅच खेळला होता, बाकी वर्ष डीएच. २०१३ पासून साधारण पाव भाग आकड्यांच्या निर्देशांकाचा असतो, तेव्हापासून अशी फजिती झालेली नाही.

२१. आमची मुलगी अमेरिकेत शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये सेकंड बेस खेळते. घरच्या घरी काही मोजता येईल?

येईल, पण एरर मोजू नका, मैदानच खडबडीत असतं आणि मुलं घाबरून बॉलपासून लांब राहायला लागतात, म्हणजे प्रश्न ३ मधला रोग लहानपणीच लागतो. वहीत तिच्या बाजूला आलेला प्रत्येक बॉल लिहा, न पोहोचलेले धरून. तीनच खाने करा, सोपा, मधला, अवघड, आणि ठरवायचं ते बॉल सुटायच्या आधीच्या तिच्या जागेवरून, निकाल बघून नाही. पुढे आउट झाला का, आणि नसेल तर पाय कमी पडले, हात की थ्रो. मधल्या खान्यावर लक्ष ठेवा, सुधारणा तिथेच दिसते. दोघांनी वेगवेगळं लिहून नंतर ताडून पाहिलंत तर आणखी बरं, कारण आईचा "अवघड" आणि बाबांचा "मधला" बऱ्याचदा एकच बॉल असतो.